दादांच्या नावाचं खातं

माझं डोस्कं लवकर तापतं, हे आमच्या दूध संघात शिपायापासून चेअरमनपर्यंत सगळ्यांना ठाऊक हाय. मी आदिनाथ. संघाचा सर्व्हर मी सांभाळतो. कोणत्या गावातून किती दूध आलं, फॅट किती लागली, ह्याचा रिपोर्ट रोज संध्याकाळी त्यावर तयार होतो. तो कोणाला दिसावा अन् कोणाला न्हाई, हे मीच ठरवतो. त्याचा मला लई माज होता.

दिवाळीनंतर भानगड सुरू झाली. ज्या गावात फॅट चांगली लागली, बरोबर त्याच गावात दुसऱ्या दिवशी दुसऱ्या डेअरीचा टँकर जास्त भाव घेऊन हजर. दिंद्रुडकडची चांगली चांगली गावं हातची जायला लागली. चेअरमन विठ्ठलराव माझ्यावरच कावले.

“आदिनाथ, आपल्यातलाच कोणतरी रिपोर्ट फोडतोय. हुडक त्याला.”

सर्व्हर कोणी उघडला, काय पाहिलं, ह्याची नोंद सर्व्हर स्वतःच ठेवतो. त्याला लॉग म्हणतात. तो काढला अन् एक नाव रोज दिसलं. सुकन्या. फॅटचा रिपोर्ट रोज तीच उघडायची. ही आमची ऑपरेटर, धर्मापुरीच्या सटवा मेंढपाळाची लेक. घराण्यात खुर्चीवर बसून काम करणारी पहिलीच. अन् तिचा चुलता त्याच दुसऱ्या डेअरीचा टँकर चालवायचा. झालं! पुढं बघायची मला गरजच वाटली न्हाई.

मिटिंगमधी सगळ्यांसमोर मी कागद आपटले. “मांजराला दुधाची राखण दिली आपण, दुसरं काय!”

सुकन्या उभी राहिली. “सर, रिपोर्ट काढून साहेबांच्या टेबलावर ठेवायचं कामच हाय माझं. तुमीच लावून दिलंय.”

“अन् चुलत्याला सांगायचं पण मीच लावून दिलं का? मेंढरामागं फिरणाऱ्याच्या घरात गुपित टिकतंय व्हय!”

दोघं-तिघं हसले. मला अजून चेव आला. तिथंच तिचं सर्व्हरवरचं खातं बंद केलं. तिनं डबा पिशवीत घातला अन् गेली. चोर म्हणून बोभाटा झाल्यावर पंचक्रोशीत तिला कोण कामाला ठेवणार होतं? हे मला तवाबी कळत होतं. पण राग आला की मला दुसऱ्याचं पोट दिसत न्हाई.

सुकन्या घरी बसली अन् टँकर येतच राहिला. ज्या गावाला फॅट, त्याच गावाला टँकर.

मग पुन्हा सगळी नावं तपासायला बसलो. एक नाव मी पहिल्या खेपेला मुद्दाम सोडलं होतं. सगळ्यात वरचं. सुंदरदादा. विठ्ठलरावांचे वडील, संघाचे संस्थापक. सर्व्हर आला त्याच्या कितीतरी आधी ते गेलते. पण सर्व्हरला हार घालून नारळ फोडला तवा विठ्ठलराव म्हणले, पहिलं नाव दादांचं. म्हणून पहिलं खातं त्यांच्या नावानं उघडलं. अन् दादांना कमी अधिकार कसा द्यायचा? सगळे दिले. पासवर्ड तर ऑफिसातल्या त्यांच्या फोटोखाली रंगवलेलंच वाक्य. तपासताना त्या नावाला हात लावायचा म्हणजे मला पाप वाटलं. काखेत कळसा अन् गावाला वळसा, ते असं.

दिवाळीपासून दादा रोज संध्याकाळी फॅटचा रिपोर्ट बघत होते. एका मोबाइलवरून. पहिल्यांदा बघितला होता धोंड्याच्या महिन्यात, अन् ती तारीख माझ्या चांगलीच ध्यानात होती.

त्या दिवशी मी युसूफ वडगावला, सासुरवाडीला धोंडे खायला गेलतो. पाटावर बसवलेलं, ओवाळलेलं, अंगात नवे कपडे. मेव्हणा तानाजी म्हणला, “दाजी, तुमचं कॉम्प्युटर करतंय काय नेमकं?” जावई फुगला. माझा फोन चार्जिंगला होता, म्हणून त्याच्याच फोनवर दादांच्या खात्यातून सगळा संघ उघडून दाखवला. बंद करायचं राहून गेलं. तानाजीच्या दुधाच्या दोन गाड्या होत्या. त्या कोणासाठी पळतात, हे मी कधी इचारलंच न्हाई.

फोन लावला. तो जरासुद्धा चाचरला न्हाई. “तुमीच तर दाखवलं, दाजी. मला वाटलं, आपलंच घर हाय.”

विठ्ठलरावांना सगळं सांगितलं. त्यांनी दादांच्या फोटोवरचा हार सरळ केला. मग म्हणले, “तुझा मेव्हणा अन् माझा बाप. दोन्ही नावं बाहेर नको. झाकून टाक. पोरीला बोलव परत. म्हणावं, साहेबांनी माफ केलं.”

खरं सांगतो, ते ऐकून मला हायसं वाटलं. आज ह्याचीच जास्त लाज वाटते.

धर्मापुरीला गेलो. सटवानं माझ्यासाठी घोंगडी अंथरली अन् स्वतः भुईवर बसला. पाण्याचा तांब्या पुढं करून हात जोडले. “सर, लेकरू हाय. चुकलं असंल. पदरात घ्या.”

मी म्हणलो, “साहेबांनी माफ केलंय. उद्यापासून या म्हणावं.”

सुकन्या दारात उभी होती. “काय माफ केलं, सर?”

तिचा बाप हात जोडून बसलेला, अन् मी त्याच्याच घोंगडीवर. मेल्याहून मेल्यासारखं झालं. मग बोललो सगळं. धोंडे, तानाजी, दादांचं खातं, सगळं. “तुमची पोरगी चुकली न्हाई, मामा. मी चुकलो.”

सटवानं हात खाली घेतले. सुकन्या म्हणली, “मला ठाऊकच होतं, सर, मी केलं न्हाई ते. ज्यांना ठाऊक न्हाई, त्यांना सांगा.”

पुढच्या मिटिंगला मी उभा राहिलो. विठ्ठलराव डोळ्यांनी खुणावत होते, बस म्हणून. आधी सगळ्यांसमोर दादांचं खातं बंद केलं. मग बोलायला लागलो, तर आवाजच निघंना. मागच्या खुर्च्यांना काही ऐकू जाईना. सगळे माना पुढं काढून बघत होते.

तेवढ्यात दारातून सुकन्या म्हणली, “मोठ्यानं सांगा, सर. त्या दिवशीसारखं.”