माघारीचं पत्र

हंबीररावांनी विज्ञानाच्या तत्त्वज्ञानापायी आयुष्य वेचलं, पण लोकांना त्यांच्याबद्दल एकच ओळ ठाऊक होती, आणि तीही दुसऱ्याची. ‘ही फसलेल्या प्रयोगांची आरती आहे,’ असं अनुसूयाबाईंनी तीस वर्षांपूर्वी, फसलेले प्रयोगही ज्ञान देतात असं मांडणाऱ्या त्यांच्या पुस्तकाच्या परीक्षणात लिहिलं. झालं! परीक्षण एका पानाचं, पुस्तक चारशे पानांचं. पुस्तक वाचतो कोण? बंगळुरातल्या सगळ्या चर्चासत्रांत ते ‘आरतीवाले’ झाले.

म्हणून जे. पी. नगरच्या घरी बाईंचं पत्र आलं, तेव्हा त्यांची मुलगी रक्षिता ते दारातच वाचून रडली. बाईंनी लिहिलं होतं, ‘चूक माझी होती. खरोखर फसलेला प्रयोग आणि निष्काळजीपणे केलेला प्रयोग यांतला फरक ओळखायचा कसा, असं मी विचारलं होतं. उत्तर सोपं आहे: पुन्हा करून पाहायचं. हे पत्र नव्या आवृत्तीत जरूर छापा.’

आवृत्ती सोमवारी छापायला जाणार होती. हंबीररावांना एक्क्याऐंशीवं सरलं होतं. पुढची आवृत्ती त्यांना दिसेल याची खात्री नव्हती.

“अण्णा, पहिल्याच पानावर घालू या!”

“स्वल्प थांब.” हातात पेन्सिल घेऊन त्यांनी विद्यार्थ्याचा पेपर तपासावा तसं पत्र वाचलं. कॉफी गार झाली. मग त्यांनी मान हलवली. “पटत नाही गं.”

“अहो, त्या तुम्हालाच बरोबर म्हणतायत!”

“निष्काळजी माणूस दुसऱ्यांदाही तसंच करील की. शंभरदा केलं तरी काय कळणार? बाईंचा जुना प्रश्नच खरा. मला अजून त्याचं उत्तर सापडलेलं नाही.”

रक्षिता चिडली. “एवढं कोण बघतंय? एकदा तरी तुमच्या नावावरचा डाग जाऊ दे.”

“कोणी बघत नाही म्हणून चुकीचं छापायचं?” त्यांनी अगदी मनापासून विचारलं.  आजवर ती त्यांना हट्टी समजत होती. आज तिला त्यांची जरा भीतीच वाटली, आणि त्यांच्या पाया पडावंसंही वाटलं.

“सरी, ठीक आहे, लिहून घे. ‘अनुसूया अक्का, तुमची माघार मला मान्य नाही. नव्या आवृत्तीत तुमचं जुनं परीक्षणच छापतो आहे. त्यात एक बाजू राहून गेली होती, ती खाली जोडतो.’”

ते खुलून सांगत राहिले. लिहिता लिहिता रक्षिता थांबून मागची ओळ पुन्हा वाचू लागली. तिच्या वडिलांच्या विरोधात इतका बिनतोड मुद्दा तीस वर्षांत कोणालाच सुचला नव्हता.