तीन सेंटिमीटर कमी

मी उंची मोजायची पट्टी. मुलांच्या दवाखान्यात, डॉक्टरीणबाईंच्या टेबलाशेजारच्या भिंतीवर माझं उभं आयुष्य गेलं. माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. तो मला माणसांनी लावला. बूट न काढता उभी राहणारी मुलं, हळूच टाचा उचलणारी मुलं, आणि नातीचा अंबाडा धरून मोजा म्हणणाऱ्या आज्या. माझी सरकती फळी डोक्याला टेकली की खरं काय ते मला कळतं.

सगळ्यात जास्त संशय मला नर्सताईंचा होता. तशा मायाळू, पण गर्दी झाली की मुलाला नजरेनेच मापायच्या आणि कार्डावर आकडा टाकून मोकळ्या व्हायच्या. फळी जागची हलायचीसुद्धा नाही. मी बघत होते, पण सांगणार कोणाला?

चिमणी नावाची एक मुलगी चार वर्षांची असताना नीट मोजली गेली होती. अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर. पाचव्या वर्षी ती लस घ्यायला आली तेव्हा बाहेर बसायला जागा नव्हती. ताईंनी तिला माझ्यापाशी आणलंच नाही. एकशे चार, असं लिहून टाकलं. कार्डावरची रेघ कशी छान वर गेली.

सहाव्या वर्षी खोकला झाला म्हणून आई तिला घेऊन आली. बाईंनी छाती तपासली, औषध लिहायला घेतलं. आई कौतुकाने सांगत होती की हिचे कपडे फार टिकतात, दोन वर्षांपूर्वीचा फ्रॉक अजून बसतो. बाईंचं पेन थांबलं. त्यांनी कार्ड पाहिलं, चिमणीकडे पाहिलं, आणि स्वतः उठून तिचे बूट काढले.

एकशे एक.

वर्षभरात पोर तीन सेंटिमीटर खाली कशी येईल? सगळे माझ्याकडे बघायला लागले. आई म्हणाली, पट्टीच खोटी दिसते. भिंतीला रंग दिला तेव्हा वरखाली बसली असेल, असं ताई घाईघाईने बोलल्या. आयुष्यभर मी इतरांवर संशय घेतला, त्या दिवशी तो माझ्यावर आला, आणि मला तो फार लागला.

बाईंनी टेप काढली आणि जमिनीपासून मला तपासलं. मी काटेकोर बरोबर होते. मग त्या ताईंकडे वळल्या.

"मागच्या वर्षी हिला खरंच उभं केलं होतंत?"

ताईंनी मान खाली घातली. "नाही बाई. अंदाजाने लिहिलं."

म्हणजे दोन वर्षांत पोर जेमतेम तीन सेंटिमीटर वाढली होती. मग प्रश्न सुरू झाले. चिमणी दमते का? थंडी जास्त वाजते का? पोट साफ होतं का? आईचा चेहरा उतरत गेला. सारखी पेंगणारी, कधी न धावणारी लेक तिला गुणी वाटत होती. रक्त तपासलं तेव्हा कळलं, थायरॉईड कमी पडत होतं, त्यानेच वाढ अडली होती. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, बहुधा कायमची.

आईचा विश्वास बसेना. "दोन वर्षं तुम्हाला दिसलं नाही. आता हीच गोळी बरोबर, हे कशावरून?"

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," बाई म्हणाल्या. "दर तीन महिन्यांनी या, आणि आकडा तुम्हीच वाचा."

आई आली. दर वेळी फळी स्वतः टेकवून, डोळे माझ्या रेघेच्या पातळीला आणून वाचायची. वर्षभरात चिमणी एकशे अकरा झाली. आता ती सरळ उभीच राहत नाही, एवढी चुळबुळ करते.

ताईंनी नंतर जुनी कार्डं धुंडाळली. अंदाजाचे आकडे कुठले, हे त्यांच्याशिवाय कोणाला कळणार? आणखी तेवीस निघाली. त्यांनी घरोघरी फोन केले, माफी मागितली, मुलांना परत बोलावलं. बावीस आली, अनवाणी उभी राहिली, सगळी ठीक निघाली.

एक कार्ड अजून टेबलावर आहे. तो फोन लागत नाही. त्या घरचे लोक दुसरीकडे राहायला गेलेत म्हणे. तुम्ही जिथे असाल, तिथे एखादी पट्टी असेलच. तिच्यासमोर लेकराला बूट काढून उभं करा. आणि आकडा दुसऱ्या कोणाला वाचू देऊ नका.