खोटं काम

लागोपाठ दुसऱ्या साली पाऊस पाठ फिरवून गेला, तेव्हा मुरुम गावाच्या अलीकडं सरकारनं दुष्काळी काम काढलं. नवा रस्ता व्हायचा होता. खाजाभाईचा हातमाग आधीच बंद पडलेला, त्यात त्याला दम्यानं गाठलेलं. म्हणून त्याची बायको ताहेराबी घमेलं उचलायला कामावर जाऊ लागली. जन्मात पहिल्यांदाच ती परक्याच्या हाताखाली राबत होती, पण त्याचं तिला काही वाटलं नाही. काम म्हणजे काम.

खडी फोडून झाली. ढीग लागले. पण रस्त्याची आखणी करणारी माणसं काही येईनात. बसल्याजागी मजुरी देता येत नाही, असं म्हणत ओव्हरसिअरनं हुकूम सोडला, डाव्या बाजूचा ढीग उजवीकडं न्या. बायाबापड्यांनी नेला. दुसऱ्या दिवशी तोच ढीग परत डावीकडं आणायला लावला. तिसऱ्या दिवशी पुन्हा उजवीकडं.

ताहेराबीनं मुकादमाला, महालिंगप्पाला, विचारलं की हे कशासाठी. तो मान खाली घालून हजेरीची वही चाळू लागला. ओव्हरसिअरच्या कानावर ते गेलं. तो छत्रीच्या सावलीतून हसत म्हणाला, "गरज कुणाला आहे नि कुणाला नाही, ते असंच कळतं. ज्याला खरी भूक आहे तो विचारत नाही."

ताहेराबीनं घमेलं खाली ठेवलं. "भूक हाय म्हणून तर आलो साहेब. पण आमी काय घाण्याचे बैल न्हाय, गोल गोल फिरवायला. खोटं काम म्या करणार न्हाय."

तिथल्या तिथं तिला कामावरून काढलं.

घरी खाजाभाई घाबरला. निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शनच्या साली गल्लीतली किती घरं ओस पडली होती, ते त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं. तेव्हापासून सरकारी माणूस दिसला की तो भिंतीच्या कडेनं चालायचा. आपल्या घरावर कुणाची नजर नको, सकाळी जाऊन पाय धर, असं तो तिला खोकत खोकत सांगत राहिला. तिनं त्याला काढा करून दिला.

सकाळी ती गेली खरी, पण सरकारी घमेलं मागायला नाही. घरची टोपली घेऊन गेली. ढिगातली खडी भरली आणि रस्ता जिथं ओढ्यात उतरायचा तिथं नेऊन ओतली. त्या उतारावर चिखलात दर पावसाळ्यात गाड्या रुतायच्या. कामावरच्याच नागूबाईची लेक तिथंच अडकलेल्या गाडीत बाळंत झाली होती, आणि पोर वाचलं नव्हतं. नागूबाईनं थोडा वेळ पाहिलं, मग आपलं घमेलं ओढ्याकडं वळवलं. तिच्यामागून शिवगंगा गेली. मग गडीमाणसं निघाली. दुपारपर्यंत उजवीकडं कुणी उरलं नाही. हाताला एरवीसारखेच फोड येत होते, पण बाया आज आपसात बोलत होत्या.

ओव्हरसिअरनं सरकारी मालाच्या चोरीचा बोभाटा केला आणि तहसीलदाराला बोलावून आणलं. ताहेराबी पुढं झाली. चोरलं असतं तर घरी नेलं असतं, रस्ता सरकारचा आणि खडीबी सरकारचीच, असं तिनं सांगितलं. तहसीलदारानं ओढा पाहिला, टाकलेली खडी पायानं दाबून पाहिली. सगळ्यांना मजुरी द्या म्हणाला. पण शिस्त मोडली, तेवढी माफी मात्र बाईनं मागावी, मग तिलाही कामावर घ्या.

"माफी कशाची?" ताहेराबी म्हणाली. "ज्यानं आमाला फुकटचं राबवलं, त्यानं मागावी."

टोपली काखोटीला मारून ती घराकडं चालू लागली. तहसीलदाराची गाडीही निघून गेली.

दुसऱ्या दिवशी कामावर कुणी आलं नाही. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही. गावानं रानातल्या तरवट्याचा पाला उकडून खाल्ला. कामावर जा म्हणून शिवगंगेच्या नवऱ्यानं तिला शिव्या घातल्या, तरी ती उंबऱ्याबाहेर पडली नाही. ताहेराबीला रात्र रात्र झोप लागत नव्हती. तिच्या हट्टापायी दुसऱ्यांच्या चुली विझल्या होत्या. ती नागूबाईकडं गेली, म्हणाली, तुम्ही जावा, माझं म्या बघते. नागूबाईनं तिच्यापुढं पाल्याची थाळी सरकवली आणि खा म्हणाली.

आठवडा सरला तसा महालिंगप्पा गल्लीत आला. काम ओस पडल्यावर वरून विचारणा झाली होती. तो दारात उभा राहिला. माफीचं काही नाही, म्हणाला, ओढ्यावर फरशीचा पूल बांधायची मंजुरी आली आहे, तुम्ही चला. आत खाजाभाई उठून बसला. त्यानं कोपऱ्यातली टोपली उचलून बायकोच्या हातात दिली.

काम सुरू झालं. ओव्हरसिअर तोच होता, छत्रीही तीच. पहिल्याच सकाळी त्यानं लांबून हाक मारली, "ए बाई, तो दगड तिकडं घे."

ताहेराबीनं वळून पाहिलं नाही. त्यानं पुन्हा हाक मारली. सगळ्यांचे हात थांबले. ओढ्यात नुसतं ऊन होतं.

"ताहेराबी," शेवटी तो म्हणाला, "तो दगड तिकडं घ्या."

"कशाला?" तिनं विचारलं.

पाणी त्या अंगानं येतं, पुलाच्या पायाला मोठा दगड हवा, असं त्यानं सांगितलं. तिला ते पटलं. तिनं दगड उचलला.