गिटार मी लावली

मुलाची वही मी स्वतःच लेकीपुढे ठेवली. तो जाऊन चार महिने झाले होते. वहीत पानोपानी सहा आडव्या रेघा आणि त्यांवर आकडे. शेवटच्या तीन पानांवर त्याने पुरी केलेली एकुलती एक धून. त्याचं रेकॉर्डिंग असलेला फोन अपघातात त्याच्याबरोबरच चिरडला गेला, त्यामुळे ती ऐकायची दुसरी सोय नव्हती. जिवंतपणी कधी धड ऐकून घेतली नाही आणि आता तिच्यासाठी जीव टांगणीला लागला होता.

लेकीने लॅपटॉपवर स्वरलेखनाचं सॉफ्टवेअर उघडलं, गिटार निवडली. पडद्यावर तशाच सहा रेघा आल्या. मी आकडे वाचत गेलो, ती भरत गेली. "वरून दुसरी रेघ, पाच. तिसरी, शून्य." तासाभराने तिने वाजवून पाहिलं. पत्र्यावर खिळा ओढावा तसं काहीतरी वाजलं.

"बेसूरच वाजवायचा तो. मी सांगत नव्हतो?" सवय, दुसरं काय. वजनकाटे दुरुस्त करण्यात माझी हयात गेली. दुसऱ्याची चूक मला लगेच दिसते.

"थांबा हो बाबा. ह्या आकड्यांत सूर नसतात. कुठली तार कितव्या फ्रेटच्या पट्टीवर दाबायची, एवढंच. मोकळी तार कुठल्या सुरात लावलीय ते आधी इथे भरायचं असतं. मी नेहमीची जुळणी ठेवली, पण दादा स्वतःच्या मनाने लावायचा." तिचा चेहरा एकदम उजळला. "गिटार आणा ना. त्याने लावली तशीच असेल अजून!"

मी नाइलाजाने उठलो, त्याच्या खोलीतून आणली.

तिने एकेक तार छेडली, पडद्यावरच्या नेहमीच्या जुळणीशी ताडून पाहिली. सहाही तंतोतंत जुळल्या. तिने वहीची पानं पुन्हा चाळली. मग म्हणाली, "म्हणजे दादानेच लिहिताना घोळ घातला."

हो म्हणालो असतो तर सुटलो असतो. आयुष्यभर त्याच्या माथी हेच तर मारत आलो.

"त्याने नाही. मी लावली," मी म्हणालो. तो गेल्यावर आठवड्याभरात, त्याच्या पलंगावर बसून, फोनवरचं सूर दाखवणारं ॲप समोर ठेवून एकेक खुंटी पिळून तार नेहमीच्या सुरावर आणली होती. काटा मधोमध आला की बरं वाटायचं. पोराचं एक तरी काम नीट करून ठेवलं म्हणून तेव्हा मी रडलोही होतो.

तिने गिटार हळूच बाजूला ठेवली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"अंदाजाने लावून बघ ना," मी म्हणालो.

"अंदाजाने काहीतरी वाजेल, बाबा. ते त्याचं नसेल." तिने डोळे पुसले. "तुम्ही शेजारच्याच खोलीत असायचात. तो रोज वाजवायचा. थोडं तरी गुणगुणा, मी त्यावरून शोधते."

मी डोळे मिटले. खूप आठवून पाहिलं. मला फक्त माझंच ओरडणं ऐकू आलं, "बंद कर ते!"