अडतिसाव्या मजल्यावरची मोटरसायकल

मित्रांनो, मी एक जुनी मोटरसायकल आहे. जुनी म्हणजे वयाने. धावण्याचं विचाराल, तर आयुष्याच्या पहिल्या नऊ वर्षांत मी जेवढी धावले, तेवढं तुम्ही शाळेच्या एका मधल्या सुट्टीत धावता.

माझा जन्म इटलीचा. तिथे मला माणसांनी हातांनी जोडलं, कान लावून माझं इंजिन ऐकलं आणि असा लाल रंग दिला, की तो बघून पोट सुटलेली मोठी माणसं एकदम सातवीतली होतात. मी ताशी तीनशे किलोमीटर धावू शकते. मुंबईत हा आकडा बसच्या नंबरासाठी वापरतात, हे मला जहाजातून उतरल्यावर कळलं.

माझे मालक हितेंद्र. ते दातांच्या दवाखान्यांना खुर्च्या विकतात. बालपण गिरगावच्या चाळीत गेलं, आता परळला गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये अडतिसाव्या मजल्यावर राहतात. मलाही त्यांनी सामानाच्या लिफ्टमधून थेट तिथेच नेलं आणि दिवाणखान्यात उभं केलं. टाकीत पेट्रोल नाही, बॅटरी काढलेली, डोक्यावर मात्र खास दिवा. दर रविवारी गाड्यांचे शौकीन यायचे. कुणी माझी चाकं पुसायचा, कुणी नुसता उसासा टाकायचा. ते गेले, की हितेंद्र मोजे घालून माझ्यावर बसायचे, पुढे वाकायचे आणि तोंडाने "घर्रर्र" करायचे.

तुम्ही म्हणाल, हा माणूस मला रस्त्यावर का नेत नव्हता? कारण त्यांच्या आई, राधाबाई. हितेंद्र सोळा वर्षांचे असताना त्यांच्या मामाचा मोटरसायकलवरून पडून पाय मोडला. तेव्हा राधाबाईंनी गळ्याची शपथ घातली, "हितू, मी आहे तोवर रस्त्यावर मोटरसायकल चालवायची नाही." हितेंद्रने शपथ अक्षरशः पाळली. दिवाणखाना म्हणजे काही रस्ता नव्हे.

राधाबाईंनी मला तसं प्रेमाने वागवलं. डाव्या हँडलला त्यांचा पंचा वाळायचा, सीटवर पापडांचं ताट. दसऱ्याला मला झेंडूचा हार घालत. नारळ मात्र बाथरूममध्ये फोडत, कारण दिवाणखान्याची फरशी इटालियन. मी आणि फरशी एकाच देशातल्या. पण तिच्यावर निदान कुणी चालत तरी होतं.

मग राधाबाईंचा गुडघा आखडला आणि वैशाली आली. वैशाली फिजिओथेरपिस्ट, वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलेली. हेल्मेट काखेत, फोन कानाला. "जय भीम पप्पा, पोहोचले. हो, हळूच चालवली." फोन ठेवला, मला पाहिलं आणि ती जागच्या जागी थांबली.

"आईशप्पथ! सर, ही चालते?"

"चालवायला नाही घेतली," हितेंद्र म्हणाले.

"मग सोफा घ्यायचा ना."

तिने राधाबाईंचा गुडघा दाबून पाहिला. "आजी, गुडघा थोडा झिजलाय. पण दुखतोय तो बसून बसून. वापरा जरा त्याला." मग माझ्याकडे हात केला. "हिचं पण तेच. उभ्या उभ्या टायर चपटे झालेत, रबरं कडक झाली असतील."

"ती सांगते होय गं तुला?"

"सांगते ना. तुम्ही पंचा टाकून तिचं तोंड बंद केलंय."

राधाबाई इतक्या हसल्या, की गुडघा दुखायचं विसरला. त्या दिवसापासून त्या माझं हँडल धरून उठायच्या, बसायच्या, परत उठायच्या. मी कुणाच्या तरी उपयोगी पडत होते! आधी त्या लिफ्टपर्यंत गेल्या, मग खालच्या बागेत. आणि एका सकाळी त्या घरात शिरल्या त्या विस्कटलेल्या केसांनी, लालबुंद चेहऱ्याने, डोक्यावर हेल्मेट आणि मागे गुन्हेगारासारखी उभी वैशाली.

"आई, हे काय?" हितेंद्रच्या हातातला टोस्ट चहात पडला.

"दादरला जाऊन आले. हिच्या मागे बसून."

"मोटरसायकलवर?"

"मग काय पालखीत? हितू, शपथ सुटली तुझी."

"आणि मामाचा पाय?"

"तुझी मामी गॅलरीत उभी होती, तो चालवताना वर बघत होता. गाडीचा काय दोष? मला तेव्हाही ठाऊक होतं. पण भीती वाटायची रे." त्या खुर्चीत बसल्या. "आताही वाटते. पण मज्जाही येते, हे कुणी सांगितलंच नव्हतं मला."

मित्रांनो, माझ्यात पेट्रोलचा थेंब नव्हता, तरी मी आतून थरथरले.

पण एक घोळ होता. मी आले त्यानंतर हितेंद्रने बाहेर जायच्या बोळात छतापर्यंत सागवानी चपलांचं कपाट करून घेतलं होतं. मी पडले लांबलचक, माझं हँडल वळतं ते नावापुरतं. बोळाच्या वळणावर मी अडकणार हे नक्की. कपाट तोडायचं तर बोळाची अर्धी भिंत निघणार होती. शेवटी राधाबाईंनी परळच्या गणपतींच्या कारखान्यातून विकास आणि त्याची पोरं बोलावली. वीस फुटी मूर्ती चिंचोळ्या गल्लीतून बाहेर काढणारी माणसं ती. त्यांनी माझ्या दोन्ही चाकांखाली छोट्या ट्रॉल्या सरकवल्या, दोर बांधले आणि मला मागच्या मागे ओढायला सुरुवात केली.

"थांबा!" राधाबाई कडाडल्या. "घराकडे तोंड करून नेताय, विसर्जन आहे का? पहिल्यांदा बाहेर पडतेय पोर. आगमन आहे! तोंड पुढे करा."

"आजी, फिरवायला जागा नाय ओ," विकास कळवळला.

"'जागा नाय' हे तुमचा मूर्तिकार ऐकून घेईल?"

सोफा गॅलरीत गेला, टीव्ही स्वयंपाकघरात. मला गर्रकन फिरवलं, पोरं सवयीने "मोरया!" ओरडली आणि त्या जोशात माझी डावी कूस कपाटाच्या कोपऱ्यावर घासली. करररर!

नऊ वर्षं ज्याने माझ्यावर माशी बसू दिली नाही, तो माणूस पांढराफटक पडला. विकासने डोक्यावरची टोपी काढली. मला वाटलं, संपलं. आता परत दिव्याखाली.

राधाबाई आत गेल्या आणि हळदीची वाटी घेऊन आल्या. ओरखड्यावर त्यांनी बोटाने हळद लावली. "पडल्या-झडल्याशिवाय कुणी चालायला शिकलंय? चला, उचला."

हितेंद्रने डोळे पुसले आणि स्वतः दोर धरला.

खाली मेकॅनिकने टायर, बॅटरी, तेल, सगळं नवं घातलं. वैशालीने महिनाभर आपल्या गाडीवर हितेंद्रचा हात बसवून घेतला. आणि रविवारी सकाळी त्यांनी माझं बटण दाबलं. मित्रांनो, तो आवाज! मी स्वतःच दचकले. कबुतरं उडाली, वॉचमनने सलाम ठोकला. दादर, प्रभादेवी, वरळी! पुढे वैशाली, मागे आम्ही. सिग्नलला टॅक्सीवाल्याने विचारलं, "कितना देती है?"

"चौदा," हितेंद्र छाती फुगवून म्हणाले.

"इससे जादा तो अपनी टॅक्सी देती है," तो म्हणाला आणि पुढे गेला. माझ्या तापलेल्या इंजिनाने मालकांच्या मांड्या भाजत होत्या, तरी ते हसत होते. मग समुद्राकाठी क्षणभर मोकळा रस्ता मिळाला. तोंडाने नव्हे, आता मी "घर्रर्र" करत होते.

आता मी खाली पार्किंगमध्ये राहते. राधाबाई रोज स्वतःच्या पायांनी उतरून मला पुसतात. ओरखडा तसाच आहे. रंगवाला दोनदा आला. हितेंद्रने त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तेव्हा मित्रांनो, जिवापाड जपायचं म्हणून कुणाला दिव्याखाली उभं करून ठेवू नका. तुमच्या घरी कपाटावर एखादी सायकल असेल, पेटीत बासरी असेल, खुर्चीत आजी असेल, तर तिला बाहेर काढा. ओरखडे पडतील. हळद घरात असतेच.