प्रयागबाईचं हसणं

प्रयागबाई हसत नाही, हे बावडा गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. म्हातारी वाईट नव्हती हं! दारात आलेल्याला चहा पाजल्याशिवाय सोडायची नाही, आळीत बाळंतीण असली की डिंकाचे लाडू हिच्याच हातचे. पण तोंड मात्र कायम असं, की समोरच्याला वाटावं आपण हिचा कारल्याचा मांडव मोडून आलोय. लेकाच्या लग्नात हसली नाही, नात झाली तेव्हा हसली नाही. फोटोला उभी केली तर पोलीस चौकीत उभी केल्यागत उभी राहायची. शेजारचा सोनबा तिच्या तोंडावर म्हणायचा, "प्रयागवहिनी, तुमी एकदा हसून दावा, मी मिशा काढतो." म्हातारी त्याच्याकडं नुसतं बघायची आणि कामाला लागायची. सोनबाच्या मिशा शाबूत राहिल्या.

आणि तरीही ती एकदा हसली. जन्मात एकदाच, आणि तेही पोटच्या पोराची फजिती बघून.

तिचा लेक गोकुळ. माणूस कष्टाळू, भाजीपाल्यात हात बसलेला, पण पन्नाशीला टेकल्यावर त्याला फोटोचं खूळ लागलं. कुणाकडनं तरी वापरलेला कॅमेरा घेतला आणि झालं. उजनीच्या पाण्यावर रोहित पक्षी उतरले की हा पहाटे गाडीला किक मारून गायब. बायको कपाळाला हात लावायची. "हितं कारली तोडाय माणूस मिळंना, आन ह्यांचं बघा, पाखरांच्या मागं!" तर गेल्या वर्षी पावसाळा सरताना मांडवाच्या खांबावर खंड्या पक्षी येऊन बसला. कॅमेरा डोळ्याला लावून गोकुळ एक एक पाऊल मागं सरकत गेला आणि धपकन पाण्याच्या चारीत उताणा पडला. खंड्या उडाला. बादली घेऊन उभी असलेली आई आधी "अगं बाई गं!" म्हणाली, आणि मग लेकाचं ते चिखलातलं ध्यान बघून तिला हसू फुटलं. साधंसुधं नव्हे. दात नसलेलं बोळकं उघडून, बादली खाली ठेवून, डोळ्यांतनं पाणी येईपर्यंत म्हातारी हसली. चिखलात पडल्या पडल्या गोकुळनं बटण दाबलं.

दिवाळी झाली आणि म्हातारी झोपेतच गेली. रडून झाल्यावर गोकुळच्या मनात एकच आलं. हा फोटो मोठा करायचा, वर्षश्राद्धाला लावायचा. सगळ्या बावड्यानं बघू दे, माझी आई कशी हसायची. सोनबाच्या मिशा तर भर मांडवात काढायच्या! म्हणून त्यानं तो फोटो कुणाला दाखवला नाही. बायकोला नाही, पोरीलासुद्धा नाही.

दाखवला नाही त्याला आणखी एक कारण होतं. फोटोवर डाग होता.

संक्रांतीच्या सुमारास मोबाईलवर बघताना त्याला तो पहिल्यांदा दिसला. बरोबर आईच्या तोंडावर, करड्या रंगाचं जळमट. आधी नव्हतं, आता होतं. मग बाकीचे फोटो उघडले तर रोहित पक्ष्यांवरही तेच, खंड्यावरही तेच. मोबाईलवर फोटो साफ करायची सोय असते, डागावर बोट फिरवायचं की डाग जातो. गोकुळ जेवणं झाली की रोज ते करायला बसायचा. बोट फिरवलं की जळमट जरा सरकल्यागत व्हायचं, नजर परत नीट लावली की हजर. पुन्हा बोट. मोबाईल विचारायचा, जुना फोटो ठेवू का बदलू? गोकुळ 'बदल' दाबायचा. डागाळलेला फोटो ठेवून त्याची काय पूजा घालायची होती? फोटो मोबाईलवर घेतल्यावर कॅमेऱ्यातलं कार्ड तर त्यानं रोहित पक्ष्यांना जागा पाहिजे म्हणून केव्हाच रिकामं केलं होतं.

त्यानं कॅमेरा साफ करून आणला. लेन्स पुसून झाली, नंतर बदलूनही झाली. डाग जाईना. शेवटी त्यानं ठरवलं की खोट मोबाईलच्या पडद्यात आहे, एवढ्याशा काचेवर बारीक काम होत नाही, पेनवाला मोठा टॅब पाहिजे.

आता खरं बोलायचं तर गोकुळच्या पोटात एक भीती जळूसारखी चिकटून बसली होती. त्याला शुगर होती, जुनी. इंदापूरच्या डॉक्टरांनी बजावलं होतं, दर वर्षी डोळ्याचा पडदा तपासून घ्या. "घेऊ की, माल निघू द्या," म्हणून हा परत यायचा, आणि भाजीवाल्याचा माल काय, बारमाही निघतच असतो. हल्ली ते जळमट घराच्या भिंतीवरही दिसायचं, एसटीच्या पाटीवरही. कॅमेरा तो उजव्या डोळ्याला लावेनासा झाला होता, मागच्या पडद्यावर बघूनच फोटो काढायचा. कुणी विचारलं तर म्हणायचा मान धरते. नुसतं एक डोळा झाकून भिंतीकडं बघायचं होतं, मग दुसरा झाकून. एवढ्यानं सगळा उलगडा झाला असता. ते सोडून त्यानं सगळं केलं.

वर्षश्राद्ध तोंडावर आलं तसा तो बारामतीला गेला. त्याची मुलगी प्रगती तिथं शाळेवर शिकवायची, खोली घेऊन राहायची. ती स्टँडवर घ्यायला आली.

"तात्या, मोबाईलवर भागत न्हाय का?"

"न्हाय भागत. मोठा पायजे, आन रंग खरं दिसाय पायजेत. आमच्या फोटोच्या ग्रुपवर समदी तेच म्हणत्यात."

"आजीच्या वर्षश्राद्धाला आठवडा राहिला, आन तुमचं हे!"

"आजीसाठीच चाललंय," गोकुळ म्हणाला आणि मिशीत हसला. "बघशील आता."

दुकान मोठं होतं. काउंटरवरची पोरगी अल्फिया, बोलायला चटपटीत. गोकुळची मागणी ऐकून तिनं तीन टॅब ओळीनं मांडले. "काका, नुसतं पिक्चर बघायचं तर हा बास. फोटोचं काम करायचं तर हा घ्या, पेन सोबत येतं, रंग पण जसेच्या तसे. आणि हा सगळ्यात मोठा."

पहिल्यावर डोंगराचा फोटो होता. गोकुळनं वाकून बघितलं. "ह्याच्यावर डाग हाय."

"कुठं?"

"ह्यो काय, मधी."

अल्फियानं मऊ फडक्यानं काच पुसली. "आता?"

"हाय की अजून." तो दुसऱ्याकडं वळला. "ह्याच्यावर बी हाय."

"तात्या, आधी तुमचा चष्मा पुसा!" प्रगती हसली. गोकुळनं सदऱ्याच्या टोकानं चष्मा पुसला. अल्फियानं तिसरा, सगळ्यात मोठा टॅब पुढं सरकवला, त्याच्यावरचा कोरा कागद त्याच्यासमोर सोलून काढला. बोट न लागलेली काच, आणि तिच्या मधोमध तेच करडं जळमट.

"ह्याच्याहून मोठा हाय का?"

"काका, ह्याच्याहून मोठा म्हणजे टीव्हीच!"

दोघी हसल्या. गोकुळही हसला, पण जरा उशिरा.

"तुमचा एखादा फोटो टाकून बघू का? आपल्या फोटोवर फरक लगेच कळतो," अल्फिया म्हणाली. गोकुळनं मोबाईल काढून दिला, फोटो दाखवला. मनात म्हणाला, डाग तर डाग, पोरीला हसणं तर दिसेल. प्रगतीच्या खांद्यावर हात ठेवून तिला पुढं घेतलं. "बघ आता तुझ्या आजीला. जन्मात अशी बघितली नसशील."

फोटो उघडला. हिरवागार मांडव, खाली ठेवलेली बादली, जांभळं लुगडं. मधल्या जळमटाकडं न बघता गोकुळ पोरीच्या तोंडाकडं बघत राहिला. आता ही हसणार. आता म्हणणार, अगंबाई, आजी!

प्रगती टॅबवर आणखी वाकली.

"काका," अल्फियानं हळू विचारलं, "हा चेहरा मुद्दाम ब्लर केलाय का?"

"ब्लर?"

"म्हणजे पुसलाय का?"

"डाग पुसलाय. थोडा ऱ्हायला असंल."

"तात्या," प्रगती म्हणाली, "ह्यात आजीचं तोंडच न्हाय."

"म्हंजी?"

"पदर हाय. कान हाय, कानातल्या कुड्या हायत. मधी नुसतं कणीक मळल्यागत झालंय. डोळं न्हाईत, नाक न्हाय, काय बी न्हाय."

अल्फियानं घाईनं पुढचा फोटो काढला. पाण्यावर रोहित पक्ष्यांचा थवा, मधल्या पाखरांचा नुसता गुलाबी चिखल. त्याच्या पुढं खंड्या, त्याला डोकं नाही. पुढचा तसाच. त्याच्या पुढचा तसाच.

"थांब, बाई," गोकुळ म्हणाला.

प्रगतीनं त्याचं मनगट धरलं. "मूळ फोटो कुठाय?"

"ह्योच."

"कॅमेऱ्याच्या कार्डात असंल की!"

"कार्ड रिकामं केलं."

"कुणाला पाठवला असंल. आईला? ग्रुपवर?"

"डाग निघाल्याबिगर कसा पाठवायचा गं?"

मग गोकुळनं ते केलं, जे त्यानं वर्षभर केलं नव्हतं. उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. जळमट विरळ झालं, आणि टॅबवर त्याला जांभळं लुगडं दिसलं, कुड्या दिसल्या, आणि पदराच्या आत कातडीच्या रंगाचा गुळगुळीत गोळा दिसला. हे त्यानं केलं होतं. स्वतःच्या बोटानं, रोज, जेवण झाल्यावर. मग त्यानं डावा डोळा झाकला. टॅब गेला. त्यानं मान वर केली तर पोरीचे केस होते, खांद्यावरची ओढणी होती, मधे पोरीचं तोंड नव्हतं. त्याचा अंगठा आपोआप वर उठला आणि तिच्या तोंडासमोर हवेत एकदा फिरला, मोबाईलवर फिरायचा तसा.

"तात्या, असं काय करताय?" प्रगती रडायला लागली. "तात्या, चला हितनं."

टॅब घ्यायचा राहिला. त्याच दुपारी तिनं त्याला डोळ्याच्या डॉक्टरकडं नेलं. उजव्या डोळ्याचा पडदा शुगरनं खाल्ला होता, आत रक्त उतरलेलं होतं. त्याचं आता फारसं काही होणार नाही, डावा मात्र इंजेक्शनं घेऊन टिकवू, असं डॉक्टर म्हणाले. लवकर यायला पाहिजे होतं, असंही म्हणाले. गोकुळ मान डोलवत होता. त्याला डोळ्याचं ऐकूच येत नव्हतं. प्रगतीनं पुढं ते कार्डही एकाला दाखवलं, काही परत मिळतंय का म्हणून. पण त्यावर रोहित पक्ष्यांचे थवे इतक्यांदा चढले आणि उतरले होते, की खाली म्हातारीचं काही उरलं नव्हतं.

वर्षश्राद्धाला फोटो तर पाहिजे. शेवटी आधारकार्डावरचा मोठा करून आणला. हार घातला, उदबत्ती लावली. प्रयागबाई चौकटीतनं सगळ्यांकडं अशी बघत होती, की जणू एकेकानं तिचा मांडव मोडलाय. जेवणं झाल्यावर सोनबा सुपारी कातरत फोटोसमोर येऊन बसला.

"अगदी हुबेहूब हाय," तो म्हणाला. "माझी वहिनी अशीच. लय माया केली बाईनं. पर जन्मात हसली न्हाय."

"हसली व्हती," गोकुळ म्हणाला.

"कवा?"

"मी चारीत पडलो तवा. पोट धरून हसली."

बसलेली माणसं गालात हसली. सोनबानं मिशीवरनं हात फिरवला. "मग दाव की फोटू! तुझ्याकडं तर पाखरांपासनं सगळ्यांचं फोटू. दाव, आत्ता हितं न्हाव्याला बोलावतो."

तो वाईट बोलत नव्हता. त्यालाही बघायचंच होतं. दाराशी उभी असलेली प्रगती काहीतरी बोलायला पुढं आली, गोकुळनं मान हलवून तिला थांबवलं. काय सांगणार? माझ्या आईचं हसू माझ्या एकट्याकडं होतं आणि मीच ते घासून घासून काढलं, हे कुठल्या तोंडानं सांगायचं?

त्यानं डाव्या, चांगल्या डोळ्यावर हात ठेवला. चौकटीतलं ते रागीट तोंड गेलं. हार राहिला, पदर राहिला. मधल्या करड्या जागेत तो म्हातारीचं बोळकं आणून बसवायला लागला. बादली आठवली, चिखलाचा गारवा आठवला, "अगं बाई गं" आठवलं. तोंड काही केल्या येईना.

"डोळ्यात काय गेलं व्हय रं?" सोनबानं विचारलं.

"व्हय," गोकुळ म्हणाला. हात त्यानं तसाच ठेवला.