सरावाची पक्षकार

"म्हणजे बावीस वर्षं हंगामीच?" चष्मेवालीनं विचारलं.

"हंगामीच. दर अकरा महिन्यांनी एक दिवस घरी बसवायचे, मग पुन्हा घ्यायचे."

"आणि तुम्ही कधी तक्रार केली नाहीत?"

"काम आवडत होतं हो. आणि घरी एक आई अंथरुणाला खिळलेली. भांडायला वेळ कुठला?"

मागच्या बाकावर बसलेले सर मनातल्या मनात खूश झाले. बाईंनी या वेळी कमालच केली होती. आवाज कसा साधा, कुठे रडारड नाही.

विधी महाविद्यालयाच्या मोफत सल्ला केंद्रात दर वर्षी शेवटच्या वर्गाची ही परीक्षा होत असे. गरीब माणसांचे खटले लढवायचे असतील तर आधी त्यांचं ऐकून घ्यायला शिका, असं सरांचं म्हणणं. म्हणून खऱ्या पक्षकाराशी गाठ पडण्याआधी मुलांनी खोट्या पक्षकाराची मुलाखत घ्यायची. खोटी पक्षकार म्हणजे केंद्राची कारकूनबाई. सर गोष्ट लिहून द्यायचे आणि बाई ती अशी वठवायच्या, की एका वर्षी एका आडदांड मुलानं डोळे पुसत त्यांना स्वतःचा रुमाल देऊ केला होता. मुलाखत संपली की बाई पदर सारखा करून उठायच्या आणि विचारायच्या, "चहा सांगू का सगळ्यांना?" हशा व्हायचा.

यंदा त्या म्हणाल्या होत्या, "सर, या वेळची गोष्ट मीच आणते." सरांना बरंच वाटलं. तेवढंच एक काम कमी.

चष्मेवाली वर्गात सगळ्यांत हुशार. तिनं बाईंनी दिलेलं पत्र वाचलं. वर संस्थेच्या नावावर कागदाची पट्टी डकवली होती, खालच्या सहीवर दुसरी.

"महिन्याची नोटीस देऊन पद रद्द केलंय, तसं कारणही दिलंय," ती म्हणाली. "बाई, मी तुम्हाला खोटी आशा लावणार नाही. यात फारसा दम नाही." आणि तिनं वही मिटली.

सर उठले. "छान. स्पष्ट बोललीस हे उत्तम. पण मुख्य प्रश्न राहिला. कोणता?"

चष्मेवालीनं वही पुन्हा उघडली.

"अरे, तारीख! पत्र मिळालं कधी? मुदत टळली की खटला मेलाच म्हणून समजा. सांगा बाई, कधी मिळालं?"

"आज तिसावा दिवस," बाई म्हणाल्या. "अपिलाची खिडकी पाचला बंद होते."

"वा! शेवटचा दिवस! बघा रे, याला म्हणतात गोष्ट रचणं. मलासुद्धा सुचलं नसतं."

मुलांनी टाळ्या वाजवल्या. बाई काही उठल्या नाहीत. चहाचंही विचारलं नाही.

पत्र फायलीला लावावं म्हणून सरांनी हातात घेतलं. पट्टीचा एक कोपरा सुटला होता. त्यांनी सहज ओढली. खाली त्यांच्याच महाविद्यालयाचं नाव. मग दुसरी पट्टी ओढली.

सही त्यांची होती. लपेटेदार, शेवटी दोन टिंबं असलेली.

ते खुर्चीत बसले. यंदा व्यवस्थापन समितीचं सचिवपद त्यांच्याकडे होतं. मागच्या महिन्यात कचेरीतून बारा पत्रं सहीला आली होती. त्या दिवशी सरांना हंगामी कामगारांच्या हक्कांवर व्याख्यान द्यायला जायचं होतं, गाडी दारात उभी होती. आल्यागेल्या प्रत्येक अडाणी माणसाला कोऱ्या कागदावर सही करू नका म्हणून बजावणाऱ्या या गृहस्थानं उभ्या उभ्या बारा सह्या ठोकल्या होत्या.

"बाई, हे... हे खरं आहे?"

"हो सर."

"अहो, मग महिनाभर बोलला का नाहीत मला?"

बाईंना प्रश्नाचंच नवल वाटलं. "सही तुमची होती ना. म्हटलं, तुम्हाला ठाऊकच आहे. रोज हसून बोलत होतात, मीही बोलत होते."

महिनाभर ही बाई समोर बसून टंकत होती, आणि आपल्याला काढणारा माणूस तिला रोज आईची तब्येत विचारत होता.

"आज मुलांना विचारून बघावं वाटलं," बाई म्हणाल्या. "त्यांची सही नव्हती कुठे."

"नावाची जागा कोरी होती, बाई! आईशप्पथ सांगतो. कुणाला काढतोय ते मी पाहिलंसुद्धा नाही!" सरांनी घाईघाईनं कागद ओढला. "थांबा, अपील मीच लिहितो."

"सर." चष्मेवाली उभी राहिली होती. "तुम्हाला नाही लिहिता येणार. तुम्ही समोरची बाजू आहात."

मुलीचं चुकलं नव्हतं, आणि तेच सरांना सोसवेना. ते उठले, बाहेर गेले आणि दार ओढून घेतलं. घड्याळात सव्वातीन झाले होते. आतून खुर्च्या सरकवल्याचा आवाज आला, मग चष्मेवालीचा: "बाई, माझं चुकलं. पहिल्यापासून सांगा, मी सगळं लिहून घेते."

चार वाजून दहा मिनिटांनी दार उघडलं. सगळा वर्ग बाईंच्या मागे होता. चष्मेवालीनं दोन पानं पुढे केली.

"सर, अपिलाची प्रत. मिळाल्याची सही लागेल."

सरांनी खिशातून पेन काढलं आणि कागद भिंतीवर टेकवला.

"वाचून करा, सर," बाई म्हणाल्या.

आवाजात राग नव्हता. सरांनी मान खाली घालून वाचायला सुरुवात केली. बावीस वर्षं एका पानात मावली होती. दुसऱ्या पानावर कारणं होती, आणि त्यातलं तिसरं असं: पत्रावर सही करणाऱ्यानं, आपण कुणाला कामावरून काढत आहोत हे पाहिलेलं नाही; त्यानं तसं साक्षीदारांसमोर कबूल केलेलं आहे.

मुलं घड्याळाकडे बघून चुळबुळ करत होती. बाई मात्र शांत उभ्या होत्या. सरांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, मग सही केली, खाली तारीख घातली आणि वेळही.